शंभर मीटरला पासष्ट

"किती वाजले हो?"

"त्रेचाळीस," मी म्हणाले.

आमची पहिली भेट ही अशी झाली.

प्रयोगशाळेमागचा सरळ रस्ता मी दोरीने शंभर मीटर मोजून घेतला होता आणि त्यावर पावलं मोजत चालले होते. विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकता शिकता मी लष्करी अधिकारी होण्याचं प्रशिक्षणही घेत होते. पहाटे कवायत, दहाला वर्ग. धुक्यात, झाडीत, नकाशा आणि होकायंत्र घेऊन एकट्याने जागा शोधायची तर अंतर पावलांनीच मोजावं लागतं. डावा पाय टेकला की एक. शंभर मीटरला आपले किती होतात हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि तो पाठ असावा लागतो.

सायकलवरचा मुलगा थांबला. इतका उंच, की सायकल त्याच्या धाकट्या भावाची वाटत होती.

"त्रेचाळीस वाजले म्हणजे मला फारच उशीर झाला," तो म्हणाला.

"तुमच्यामुळे माझी मोजणी चुकली."

"परत मोजा ना. मी गप्प उभा राहतो."

"उभे राहू नका. जा."

तो गेला नाही. मी परत मोजून आले तेव्हा सायकलला टेकून, खरोखरच गप्प, उभा होता.

"किती?"

"अडुसष्ट."

"माझे बासष्ट," तो म्हणाला... आणि तेव्हा कुठे मी खाली पाहिलं. त्याच्या पायांत माझ्यासारखेच काळे, जाड बूट होते.

तो स्थापत्यच्या शेवटच्या वर्षाला होता आणि प्रशिक्षणात माझ्या एक वर्ष पुढे. सगळे त्याला शिडी म्हणायचे. मला तो त्या दिवसापासून त्रेचाळीस म्हणू लागला. आठवड्याने सरावाच्या जोड्यांची यादी लागली. प्रत्येक नव्या मुलामागे एक जुना. माझ्या समोर शिडी.

"यादी कोणी केली?" मी विचारलं.

"मेजर मॅडमनी."

"आणि टाइप कोणी केली?"

"टाइप करणाऱ्याने," तो होकायंत्राकडे पाहत म्हणाला.

तीन महिने आम्ही रोज संध्याकाळी विद्यापीठामागच्या माळावर चाललो. तो दिशा सांगायचा, मी मोजायचे. शंभर मीटर झाले की कमरेच्या दोरीतला एक मणी खाली सरकवायचा. मोजताना बोलायचं नाही हा नियम, म्हणून आम्ही मणी सरकवताना बोलायचो. एका मण्याला एक वाक्य.

"आज केस वेगळे बांधलेत."

पुढचे शंभर मीटर.

"वाऱ्यामुळे."

पुढचे शंभर.

"वाऱ्याचे आभार."

मी हसले आणि मोजणी चुकली. परत पहिल्यापासून.

हे सगळं गमतीचं असलं तरी वार्षिक चाचणी गंमत नव्हती. एकट्याने माळावर रोवलेले पाच खुंट शोधायचे, वेळ नव्वद मिनिटं, संधी एकच. नापास झालं की अधिकाऱ्यांच्या यादीतून नाव कायमचं बाद. बाबा वजनकाटे दुरुस्त करतात. आमच्या पुढच्या खोलीत त्यांचं टेबल, पारडी आणि पितळी वजनं. त्यांनी मला स्पष्टच सांगितलं होतं, "हे वर्ष तुझं. पास झालीस तर अकादमीत मी स्वतः सोडायला येईन. नाही झालीस तर एम.एस्सी.चा फॉर्म भरायचा, आणि तोंड पाडायचं नाही." मी हो म्हटलं होतं. मनातून मात्र मला दुसरं काहीच नको होतं.

चाचणीच्या सकाळी दाट धुकं होतं. गवत कमरेपर्यंत आणि खुंट गुडघ्याएवढे. चार हातांवरून दिसायचे नाहीत. सुरुवात करण्याआधी वहीत आपला आकडा लिहायचा असतो. मी लिहिलं, अडुसष्ट.

पहिला खुंट चारशे मीटरवर. मी दोनशे बहात्तर मोजले आणि थांबले. गवत होतं. खुंट नव्हता.

उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. दिशा परत तपासली, बरोबर होती. खुंट सापडला तेव्हा अकरा मिनिटं गेली होती. तो मागे होता, माझ्याच वाटेवर, बारा पावलं मागे. मी त्याच्या अगदी जवळून गेले होते.

'धडधडीत चुकलीस,' मी स्वतःला म्हटलं आणि पुढे निघाले. दुसरा खुंट पाचशे मीटरवर. तीनशे चाळीस मोजले. पुन्हा नुसतं गवत. आता उजवी-डावी न करता सरळ मागे फिरले. पंधराव्या पावलाला खुंट.

पुढे धावत सुटावंसं वाटत होतं. पण मी तिथेच उभी राहिले, कारण मला बाबांचं टेबल आठवलं. गिऱ्हाईक काटा आणून म्हणतं, बिघडलाय. बाबा आधी चार वेगवेगळी वजनं ठेवून बघतात. चूक दर वेळी वेगळी असेल तर काटा बिघडलाय. त्याच प्रमाणात येत असेल तर तो फक्त सरकलाय, आणि सरकलेल्या काट्यावरही बरोबर तोलता येतं.

दोनशे बहात्तरातून बारा गेले, दोनशे साठ. भागिले चार. पासष्ट.

तीनशे चाळीसातून पंधरा गेले, तीनशे पंचवीस. भागिले पाच. पासष्ट.

दर महिन्याला पावलं नव्याने मोजायची असं मॅडमनी शिकवलं होतं. मी मोजली नव्हती. माझं पाऊल लांबलं होतं, आणि ते कोणाबरोबर चालून लांबलं हे कळायला भागाकाराची गरज नव्हती. कान गरम झाले. मी वहीत अडुसष्टवर रेघ मारली, पासष्ट लिहिलं आणि चालू लागले.

उरलेले तिन्ही खुंट अगदी पायाशी आले.

शेवटी घड्याळ घेऊन शिडीच उभा होता. वेळ नोंदवायचं काम जुन्या मुलांकडे असतं. कामावर असताना बोलता येत नाही. त्याने शहाऐंशी मिनिटं लिहिली.

मेजर मॅडमनी माझी वही उघडली. "हा आकडा मध्येच का बदलला?"

"पाऊल लांबलं, मॅडम."

"तीन महिन्यांत? उंची वाढली का तुमची?"

"नाही, मॅडम. मी... उंच माणसाबरोबर चालत होते."

मॅडमनी मान न वळवता विचारलं, "शिडी, तुमचा आकडा किती?"

"बासष्ट, मॅडम."

"मोजून सांगा."

आखलेले शंभर मीटर समोरच होते. पंधरा-वीस मुलं बघत असताना तो चालत गेला. परत आला तेव्हा त्याचे कान माझ्याइतकेच लाल होते.

"पासष्ट, मॅडम."

कोणीतरी शिट्टी वाजवली. मॅडमनी त्या दिशेला फक्त पाहिलं, शिट्टी बंद. मग वही मिटून मला दिली. "पास. चूक स्वतः शोधलीत म्हणून. दर महिन्याला मोजायचं, दोघांनीही. आणि वेगवेगळं."

परतताना आम्ही माळ ओलांडला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "मी पहिल्या आठवड्यापासून मुद्दाम आखूड पावलं टाकत होतो."

"मी मुद्दाम लांब पावलं टाकत होते."

"का?"

"तू का?"

"मला आवडतेस तू," तो म्हणाला, इतक्या सरळ की मला सावरायला वेळच मिळाला नाही.

"मलाही... आवडतोस," मी म्हणाले. "पण तू तीन आठवड्यांनी अकादमीत जाणार. तिथे एकटा चालशील. परत बासष्ट होशील."

"मोजून कळवीन. दर महिन्याला."

त्याने खरंच कळवलं. पहिल्या महिन्यात पत्र आलं: 'पासष्ट.' दुसऱ्या महिन्यात: 'पासष्ट. इथे सगळे विचारतात, एवढे पाय असून हा असा का चालतो.' मीही दर वेळी मोजून उत्तर पाठवलं. पासष्ट. पासष्ट.

तिसऱ्या महिन्यात मी रस्त्यावर दोनदा मोजलं, घरी आले आणि लिहिलं, 'सहासष्ट.'

उत्तर चौथ्या दिवशी आलं: 'माझे पासष्टच. तुझा काटा सरकतोय. रविवारी रजा काढून येतोय. दुरुस्ती करू.'

बाबा टेबलापाशी पारडी पुसत होते. पत्र वाचताना माझा चेहरा बहुधा जरा जास्तच हसरा झाला असावा. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. शिडीबद्दल त्यांना मी सगळं सांगितलं होतं. म्हणजे, आकड्यांपुरतं.

"काय म्हणतोय?"

"रविवारी येतोय. माझा आकडा सरकलाय ना, म्हणून."

"त्याचा किती आला?"

"पासष्ट."

"आणि तुझा? खरा?"

मी बराच वेळ पत्राची घडी घालत राहिले. एवढ्याशा कागदाला किती घड्या पडतात...

"पासष्ट," मी म्हणाले.

बाबांनी एक पितळी वजन उचललं, फुंकर मारली आणि जागेवर ठेवलं.

"रविवारी जेवायलाच बोलाव त्याला," ते म्हणाले.