सतरा किलोमीटरचा वळसा

भोगावतीवरचं धुकं सकाळी आठलाही पुलाच्या कठड्याशी रेंगाळत होतं. त्यातून तोच पांढरा टेम्पो चौथ्यांदा बाहेर आला, तेव्हा तेजस्वीनं पेन्सिल कानामागे खोवली आणि हात करून तो थांबवला.

पुलाच्या तोंडाशी, चिमणाबाईच्या चहाच्या टपरीला लागून तिची प्लॅस्टिकची खुर्ची होती. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मिळालेलं हे तिचं पहिलंच काम – जुन्या पुलावरून जाणारी वाहनं मोजायची. सात दिवस, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा.

"काय नेताय?" तिनं विचारलं.

"दूध की." टेम्पोवाल्यानं काच पूर्ण खाली केली.

"किती लिटर?"

त्यानं मागं वळून पाहिलं. मागं एकही कॅन नव्हता. "आत्ता… तसं न्हाय म्हणा."

"चाळीस मिनिटांत चार फेऱ्या, त्याही रिकाम्या. वाट चुकताय, की माझी परीक्षा घेताय?"

"परीक्षा घ्यायची असती तर एवढ्या थंडीत घेतली असती व्हय?"

टपरीतून चिमणाबाईनं तोंड घातलं. "यशराज, खरं सांग की रं. गावानं पाळ्या लावल्यात, बाई. सकाळची पाळी ह्येची, दुपारची सरपंचाच्या जीपगाडीची."

हळूहळू सगळं कळलं. जिल्ह्यात मोडकळीला आलेले पूल चाळीस, आणि यंदा दुरुस्तीचा निधी दहांपुरताच. ज्या पुलावर वर्दळ जास्त, त्याचा नंबर आधी. हे पलीकडच्या गावाला कुठून तरी समजलं, आणि गाव वर्दळ वाढवायला निघालं.

"चारातल्या तीन फेऱ्या मी खोडणार," तेजस्वी म्हणाली. "आणि पाळ्या आजच्या आज थांबवा. मोजणीत खोट सापडली, तर तुमचा पूल यादीतूनच जाईल."

यशराजचं हसू मावळलं. गेल्या पावसाळ्यात मधल्या खांबाजवळचा कठडा नदीत गेला होता. तिथं आता बांबू बांधले होते. शाळेची पोरं रोज त्याच बांबूला हात लावत जात. "खोडा," तो म्हणाला. "पण पूल सोडू नका, मॅडम."

दुसऱ्या दिवशी तो आला तो कॅन भरूनच. टेम्पो कडेला घेऊन चहा प्यायला थांबला.

"आज एकदाच आलोय. नीट लिहून घ्या."

"लिहिलं. परत जाताना लिहीनच."

"म्हणजे परत येईपर्यंत वाट बघणार म्हणा की."

तेजस्वीनं मान खाली घातली आणि रकान्यात एक रेघ ओढली. रेघ जरा वाकडी आली. तिच्या रेघा सहसा वाकड्या येत नसत.

पाचव्या दिवशी तिनं सरासरी काढली. दिवसाला चारशे बारा वाहनं. यादीतल्या दहाव्या पुलाहून दोनशेनं कमी. तिच्या मनाला एक गोष्ट खुपत होती. ऊसतोडीचा ऐन हंगाम, वाऱ्यावर गुऱ्हाळाचा गोड वास, आणि पाच दिवसांत पुलावर उसाची एक ट्रॉली नाही.

"ऊस कुठून जातो तुमचा?" तिनं यशराजला विचारलं.

"वळशानं. सतरा किलोमीटर जादा. दुधाचा मोठा टँकर बी तसाच जातोय. पूल हलाय लागल्यापास्नं जड गाड्यांना बंदी हाय."

तिची पेन्सिल थांबली. "म्हणजे पूल खराब म्हणून वाहनं कमी… आणि वाहनं कमी म्हणून दुरुस्ती नाही."

"ते आमाला ठावं हाय," तो शांतपणे म्हणाला. "तुमच्या कागदाला ठावं न्हाय."

तिनं लगेच ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला. वळशानं जाणाऱ्या गाड्यांचा रकाना फॉर्ममध्ये नाही, साहेब म्हणाले. जोडायचाच तर वेगळा कागद जोड, पण मोजणी संपल्यावर, स्वतःच्या वेळात.

म्हणून पुढच्या रविवारी ती वळशाच्या फाट्यावर उभी राहिली. अर्ध्या तासात तिला कळलं, की उसाचा ट्रॅक्टर नुसत्या हातानं थांबत नाही. तेवढ्यात यशराजची मोटारसायकल आली.

"थांब रं पावण्या," तो रस्त्यात उभा राहून गरजला आणि ट्रॅक्टर थांबला. "पूल धड असता तर कुठनं गेला असतास, तेवढं सांग मॅडमना."

"पुलावरनंच की," ट्रॅक्टरवाला म्हणाला. मग दोघांकडं आळीपाळीनं बघून म्हणाला, "तू कवापास्नं सरकारी नोकरीत लागलास रं?"

यशराजचे कान लाल झाले. तेजस्वीनं ते पाहिलं, पण लिहिलं नाही.

दुपारी त्यानं जवळच्या गुऱ्हाळातून पानाच्या द्रोणात गरम काकवी आणली. तिची बोटं चिकट झाली, तेव्हा कागद त्यानं हातात घेतला. त्याचं अक्षर सुबक होतं.

"प्रवासाचं कारण," त्यानं रकाना वाचला. "माझं न्हाय विचारलंत?"

"सांगा. प्रवासाचं कारण?"

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिच्या घुंगरांचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "रकाना लहान हाय…"

त्या दिवशी दोनशे अठ्ठ्याण्णव जड वाहनं वळशानं गेली. तेजस्वीनं तो कागद अहवालाला जोडला, खाली सही केली, आणि मग वाट बघण्यापलीकडं तिच्या हातात काही उरलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मंजुरी आली. जोडलेला कागद वरच्यांनी वाचला होता. पूल सातव्या नंबरावर होता. कोल्हापूरच्या ऑफिसातून तिनं पहिला फोन यशराजला केला.

सगळं ऐकून त्यानं एवढंच विचारलं, "काम कधी सुरू?"

"सोमवारपासून. दहा महिने पूल पूर्ण बंद. दुचाकीसुद्धा नाही."

"बघा, काय करून ठेवलंत. शनिवारी कोल्हापूरला यायचं म्हणजे आता वळसाच."

"शनिवारी कोल्हापुरात काय असतं तुमचं?"

"आजवर कायबी नव्हतं." तो म्हणाला. "पुढच्या शनिवारपास्नं असावं म्हणतोय. तुमची हरकत नसंल तर… दर शनिवारी."

तेजस्वीनं समोरचा कागद ओढला. "दहा महिन्यांचे त्रेचाळीस शनिवार. जाऊन-येऊन चौतीस किलोमीटर जादा. एकूण चौदाशे बासष्ट."

"लई झालं व्हय?"

"नाही," ती म्हणाली. "निम्मे शनिवार तुम्ही या, निम्मे मी येईन. त्यातले सातशे एकतीस माझे."