टाकीवरचे हातमोजे

दाखवून झाले ना दोन्ही गाड्यांचे फोटो? ठेव मग तो मोबाईल खिशात. तासभर झाला, ही घेऊ की ती घेऊ चाललंय तुझं, आणि ही बाकीची मंडळी नंदीबैलासारख्या माना हलवतायत. आधी मी सांगतो ते ऐका, मग घे तुला हवी ती. आणि तो बाहेरचा दिवा राहू द्या चालू.

मी कवळ्या बनवायचो, हे तुम्हाला माहीतच आहे. माझं निम्मं काम एका दातांच्या डॉक्टरकडून यायचं. हाताला गुण होता त्याच्या, पण ऐकून घ्यायची सवय म्हणून नाही. असणार कुठून? समोर बसलेल्या माणसाचं तोंड दिवसभर उघडं आणि बोलणं बंद! ही त्याची गोष्ट. त्याने स्वतः मला सांगितली, माझ्याच स्टुलावर बसून, आणि सांगताना मध्येच दोनदा पाणी मागितलं.

चाळिशी उलटल्यावर या डॉक्टरला लांब पल्ल्याच्या मोटरसायकलचं वेड लागलं. सुसाट पळणारी हवी, आणि दोघांना आरामात दूरवर नेणारीही हवी. बायकोने आधी साफ नाही म्हटलं. मग बरेच दिवस अबोला झाला. शेवटी म्हणाली, "घे बाबा एकदाची. पण मला मागे नीट बसता आलं पाहिजे. आणि ज्या गाडीपायी कुणाचा जीव गेलाय, ती माझ्या दारात आणायची नाही. शपथ घे." त्याने घेतली, आणि मनापासून घेतली. बायकोवर फार जीव होता त्याचा.

मग कळलं की तासाभराच्या अंतरावर एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांना तसल्याच दोन गाड्या विकायच्यात. रविवारी संध्याकाळी डॉक्टर बसने गेला, हेल्मेट मांडीवर घेऊन. मास्तरांनी शेडचं शटर वर केलं. दोघी शेजारी शेजारी उभ्या. एक करडी. उंच काच, सरळ हँडल, मागची सीट चांगली ऐसपैस. दुसरी गडद निळी. हिच्यावर जरा पुढे झुकून बसायचं, मागची सीट बेताचीच, पण इंजिन असं की नुसतं सुरू केलं तरी अंगावर काटा यावा. बायकोची कंबर करडी घे म्हणत होती. याचं मन निळीवर केव्हाच जाऊन बसलं होतं.

"मुलांच्या आहेत," मास्तर म्हणाले. "करडी थोरल्याची, निळी धाकट्याची. दोघं जोडीनं फिरायचे. आता एकच राहिलाय. त्याचं असं झालं की..."

"काका, राहू द्या. तुम्हाला त्रास होईल," डॉक्टर म्हणाला. "काय झालं ते गाडीच मला सांगेल."

खिशातून त्याने तो दातांमागे बघायचा बारका आरसा काढला, टॉर्च काढला आणि जमिनीवर बसला. करडीच्या बाजूला लावलेल्या सामानाच्या पेटीचा तळ खरवडलेला. ब्रेकची दांडी नवी. इंजिनाचं झाकण एका बाजूला चेपलेलं. निळीच्या पोटाखाली आरसा फिरवला, पार मागच्या चाकापर्यंत. एक ओरखडा नाही!

"करडी पडलीये, काका. जोरात पडलीये."

"हो, पडली. पण डॉक्टर, जरा ऐका..."

"बस. समजलं मला. निळी नेतो."

आपण म्हाताऱ्याच्या दुःखाला हात लावला नाही याचं उलट त्याला समाधानच वाटलं. शपथही पाळली आणि मनातली गाडीही मिळाली. आणखी काय पाहिजे माणसाला?

निघताना मास्तर आतून हातमोजे घेऊन आले. काळे, जुने, उजव्या अंगठ्याला पांढऱ्या दोऱ्याने शिवलेले. "हे तिच्याबरोबरच असू द्या," म्हणाले. डॉक्टर हसला. दुसऱ्याचे हातमोजे तो कसला घालतोय! शेडमधल्या खिळ्याला त्याने स्वतःच्या हाताने ते अडकवले आणि निघाला.

आता तुम्ही गाडीवाले, तुम्हाला सांगायला नको. वाटेत कुणाची गाडी अडलेली दिसली तर थांबायचं. आणि क्षणभर उतरायचं असेल तर हातमोजे टाकीवर ठेवायचे. घरी पोचलं की मग आत. डॉक्टरच्या घरी दाराच्या आतच चपलांचं कपाट होतं. त्यावर त्याची ती जागा ठरलेली. तिथे हातमोजे दिसले की बायको समजायची, आता हा कुठे जात नाही.

साडेनऊ वाजून गेले होते. तलावाच्या कडेचा रस्ता, नवं डांबर, चिटपाखरू नाही. निळी अशी चालली होती की डॉक्टर हेल्मेटमध्ये गाणं म्हणत होता.

पुढच्या वळणावर उजेड दिसला. एक मोटरसायकल मोठ्या स्टँडवर उभी. दिवा चालू. मागच्या चाकापाशी एक माणूस उकिडवा बसलेला, डोक्यात हेल्मेट. त्याने हात वर केला.

डॉक्टर थांबला. उजेड पडावा म्हणून दिवा तसाच ठेवला, गाडी मोठ्या स्टँडवर लावली. हातमोजे काढून टाकीवर ठेवले.

"काय झालं हो?"

त्या माणसाने नुसतं चाकामागे बोट दाखवलं. डॉक्टरने सवयीने आरसा काढला. वाकला. टॉर्च मारला.

स्वच्छ. एक ओरखडा नाही.

हे आपण मघाशीच पाहिलंय, असं त्याला वाटलं. त्याने मान वर केली. गाडी निळी होती. नंबर तोच. टाकीवर हातमोजे... त्याचेच. एकावर एक.

त्याने मागे वळून पाहिलं. मागे रस्ता होता. काळाभोर. दुसरी गाडी नव्हतीच.

आणि तो माणूसही नव्हता.

तेवढ्यात हेल्मेटमध्ये फोन वाजला. बायको.

"अरे, दार उघडून उभी आहे मी. कुठे आहेस?"

"कसलं दार?"

"आत्ताच म्हणालास ना फोनवर. आलो, दार उघड म्हणून."

"मी... नाही म्हणालो."

"तुझाच तर आवाज..."

त्याने तिला मध्येच तोडलं.

"बाहेर कोण आहे?"

"कुणी नाही रे. जिना रिकामा आहे."

"दार लाव. कडी घाल. आधी कडी घाल!"

कडी वाजली. त्याला ती ऐकू आली. मग तो घरी कसा आला ते त्याचं त्याला माहीत नाही. टाकीवरचे हातमोजे पहिल्याच झटक्याला उडाले, तलावाच्या बाजूला. हँडलवरची उघडी बोटं गारठून गेली.

दार बायकोनेच उघडलं. धडधाकट होती. त्याने तिला तिथेच घट्ट धरलं, आणि एवढा बाप्या माणूस रडला. मग भिंतीला टेकून खाली बसला आणि मास्तरांना फोन लावला.

"मी तेच सांगत होतो, डॉक्टर," मास्तर म्हणाले. "करडी पडली, थोरल्याचं खांद्याचं हाड मोडलं. बरा झाला. नोकरीला आहे तो आता. निळी कधीच पडली नाही हो. तलावापाशी उभी सापडली. मोठ्या स्टँडवर. दिवा चालू..."

या खेपेला डॉक्टर मध्ये बोलला नाही.

"टाकीवर हातमोजे. कुणाला तरी मदत करायला थांबला असेल. तसाच होता तो. तलाव शोधला, रान शोधलं... त्याची आई अजून म्हणते, हातमोजे टाकीवर होते, म्हणजे लगेच निघणार होता. घरी येईल. तुम्ही गेल्यावर ते खिळ्यावरून काढायला गेलो तर दिसेनात. तुम्ही नेलेत का?"

समोर बायको उभी. जिच्यापुढे शपथ घेतली होती, ती. तो उत्तर देणार एवढ्यात तिनेच चपलांच्या कपाटाकडे बोट केलं.

"आणि हे केव्हा आणलेस? तू यायच्या आधीपासून इथे आहेत."

एकावर एक, नीट ठेवलेले. काळे. अंगठ्याला पांढरा दोरा.

डॉक्टरने एकाच्या आत बोटं घातली.

आतून गरम होता.