पेनड्राइव्ह काढायचं राहिलं

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी मशीनवर एका शाळेची पाटी कोरत होतो. बायको आठ दिवस तिथे होती. "लगेच या" म्हणाले आणि मग, ती गेल्याचं सांगितलं. मी सरळ प्लग उपटला आणि धावलो. तेव्हापासून मशीन चालवणारा जुना लॅपटॉप सुरू होत नाही. त्याची बॅटरी कधीच मेली होती.

आमची ओळख याच लॅपटॉपमुळे झाली. तिचं दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्या मशीनला जुनीच सिस्टिम लागते, नवी चालत नाही, हे मी सांगत होतो. तिने लॅपटॉप पालथा करून झटकला.

"यात भुसा कसा?"

"पाट्या कोरतो मी. लाकडाच्या."

"लॅपटॉपनेच कोरता की काय?"

जुनी सिस्टिम परत भरायला तिने पेनड्राइव्ह लावला. "अर्ध्या तासाने रीस्टार्ट होईल, तेव्हा हा काढा. विसरलात तर सगळं पहिल्यापासून."

अर्धा तास झाला. ती ओठांत स्क्रू धरून दुसऱ्या कामात गढली होती. मी पेनड्राइव्हकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं... आणि हात खिशात घातला.

"अहो! परत पहिल्यापासून?"

"विसरलो."

दुसऱ्यांदाही विसरलो. तिसऱ्यांदा तिने स्क्रू बाजूला ठेवला.

"घरचा पत्ता तरी लक्षात आहे ना?"

"आहे. पण आता या दुकानाचा जास्त पाठ झालाय."

तिने चहा दोन कप मागवला.

पुढच्या वर्षी लग्न झालं. मुद्दाम विसरलो होतो, हे मी तिला कधी सांगितलं नाही. "आमचे हे म्हणजे भारी विसरभोळे," असं ती सोळा वर्षं सगळ्यांना सांगायची आणि मी मान डोलवायचो. सांगू कधीतरी, म्हणत राहिलो.

आज दुपारी मेहुणी आली. दुकान आता तीच बघते. बहिणीच्या खणातला तोच पेनड्राइव्ह तिने लावला.

"अर्ध्या तासाने काढावा लागेल," मी म्हणालो.

"कशाला? सुरू होताना लॅपटॉपने आधी कुठे बघायचं, पेनड्राइव्हमध्ये की स्वतःच्या डिस्कमध्ये, याचा क्रम असतो. तो बदलला की पेनड्राइव्ह तसाच राहिला तरी चालतं. दोन बटणांचं काम, भाऊजी."

"तिला माहीत होतं हे?"

"माहीत? ताईनेच मला शिकवलं. दुकान उघडलं तेव्हाच."

दुकान आमच्या ओळखीच्या आधी दोन वर्षं उघडलं होतं. म्हणजे पहिल्यांदा मी विसरलो तेव्हाच ती क्रम बदलू शकली असती. मग का नाही बदलला? मी मेहुणीला त्या दिवसाचं सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला.

"ते गिऱ्हाईक तुम्ही होय! ताई घरी येऊन कुरकुरत होती, एकाच माणसाचं काम दिवसभर संपेना म्हणून. आणि कुरकुरताना हसत होती! बरं, बदलू का क्रम?"

"नको. राहू दे."

मेहुणी दुकानात परतली. स्क्रीनवर आलंय, पेनड्राइव्ह काढा आणि रीस्टार्ट करा. शाळेची पाटी निम्मी कोरलेली आहे. मुद्दाम विसरलो होतो, हे तिला सांगायचं राहिलं. पेनड्राइव्ह अजून काढलेला नाही.