शलाकाची तोलछाप

कोल्हापूरच्या उड्डाण प्रबोधिनीत निवडचाचणीचा दिवस म्हणजे रडारडीचा दिवस. चार वर्षांच्या पोरी, अंगाला चिकटलेले चमकीचे कपडे, नाकाला शेंबूड, आणि प्रत्येकीमागे एक आई. आईच्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि डोळ्यांत अजून न मिळालेलं सुवर्णपदक. एकीला दांडीला लोंबकळवलं तर ती खिदळली, दुसरी ओकली. तिसरी तोलपट्टीवर, म्हणजे वीतभर रुंदीसुद्धा नसलेल्या त्या लांबलचक फळीवर, घोड्यावर बसावं तशी बसून “चल रे घोड्या” करत होती.

“उतर गं भवाने,” वरच्या सज्जातून द्वारकाक्का इंगवले ओरडली. “वरात नाही निघालेली तुझी.”

इंदू काही उतरली नाही. तिने आजीला हात केला आणि घोड्याला टाच मारली.

काचेपलीकडच्या छापकक्षात मुख्य प्रशिक्षक प्रभुणे सर कपाळाला हात लावून बसले होते. प्रबोधिनीत ते नवेच होते. त्यांना उड्या कळत, मेंदू कळत नसे.

“डॉक्टर, ही पोर पट्टीवर धड उभी राहत नाही. हिला निवडायची कशी?”

“उभं राहणं आपण देणार आहोत,” डॉ. चित्रलेखा नाडगौडा म्हणाल्या. “डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. कुठे झुकायचं, कधी आखडायचं, पडताना हात पुढे करायचा की पाय, हे तो ठरवतो, आणि ठरवताना आपल्याला विचारत नाही. निष्णात खेळाडूच्या लहान मेंदूतली ही सगळी घडण आम्ही उतरवून घेतो. ती तोलछाप. ती लहान मुलात भरता येते, पण साडेचार वर्षांच्या आत. ओल्या कोब्यावर कोंबडीचाही पाय उमटतो. वाळल्यावर हत्ती नाचला तरी नाही.”

“मग दहाजणींत भरू की एकच छाप.”

“जिम्नॅस्टिक्सचा महासंघ परवानगी देत नाही. एक छाप, एक मूल. नाहीतर सगळ्या सारख्याच उड्या मारतील. मग परीक्षक गुण कुणाला देणार?”

प्रबोधिनीच्या शीतकपाटात शलाका इंगवलेची छाप होती. शलाका द्वारकाक्काची एकुलती एक लेक. एकविसाव्या वर्षी, खेळ ऐन भरात असताना, तिची छाप घेतली गेली. पुढे तिने लग्न केलं आणि इंदूच्या बाळंतपणात ती गेली. इंदूचा बाप दुबईत दुसऱ्या संसारात रमला, आणि पोर आजीच्या पदरात आली. मिरचीचं कांडप चालवून जिने लेक वाढवली होती, तिने त्याच तिखटाच्या धुरळ्यात नात वाढवली.

शलाकाच्या चित्रफिती घरात ढिगाने होत्या. पण चित्रफितीतली लेक नुसती डोळ्यांना दिसते, चौकटीला पाय लावून ताणत उभी राहत नाही, येताजाता भांड्याला धक्का लावत नाही. द्वारकाक्काला ती अंगाने हवी होती. हाडामासात, घरात, आपल्या डोळ्यांदेखत. दिवाळीनंतर इंदूला साडेचार पूर्ण होऊन तिचा कोबा वाळणार होता. आज छाप बसली नाही तर नियमाप्रमाणे ती पुढच्या मुलीला जाणार होती. ती पुढची मुलगी इचलकरंजीची. तिची आई सकाळपासून द्वारकाक्काकडे बघून गोड हसत होती. द्वारकाक्काने तिला एकदाच सुनावलं होतं, “दात पडतील वाऱ्याने. मिटा तोंड.”

इंदूच्या डोक्यावर टोपी चढवली. यंत्र सुरू झालं आणि लगेच थांबलं. डॉक्टरांनी पुन्हा सुरू केलं. ते पुन्हा थांबलं.

“काय झालं?” द्वारकाक्का दार ढकलून आत आली. “बिघडलं म्हणू नका. आमचं कांडप बरं मग, लाथ घातली की चालतं.”

“बिघडलं नाही, आक्का. यंत्र म्हणतंय, छाप आधीच बसलेली आहे.”

“आधी? कुणी बसवली?”

डॉक्टरांनी पडद्यावरचा आलेख मोठा केला. “छापेला थर असतात. सगळ्यांत खालचा तो तळथर. मूल चालायच्या आधी अंगाला जे कळतं, ते तिथं बसतं. इंदूचा तळथर आणि शलाकाचा तळथर एकच आहे. यंत्राला वाटतं काम झालेलं आहे, म्हणून ते वरचं काही लिहीत नाही.”

“रक्त एकच आहे ना,” प्रभुणे म्हणाले.

“रक्तातून हे येत नाही सर. वेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्या बहिणी आम्ही तपासल्या आहेत, त्यांचंही जुळलं नव्हतं. आक्का, शलाकाला तान्हेपणी न्हाऊ कोण घालायचं?”

“मीच. दुसरी कोण यायची आमच्याकडे?”

“आणि इंदूला?”

“मीच की. पाय लांब करायचे, पोर नडग्यांवर घ्यायची. आधी तेल. मग हाताची घडी, पायाची घडी, उजवा अंगठा डाव्या कानाला. मग घोट्याला धरून उलटी करायची. बोंबलते जरा, मग गप पडते. अजून माझा हात लागला की लोण्यागत सैल होते बघा.” तिने इंदूच्या मानेखाली हात घातला. टोपीला वैतागलेली पोर खरोखरच डोळे मिटून तिच्या हातावर ओघळली.

“हेच ते,” डॉक्टर हळू म्हणाल्या. “दोघींच्या तळाशी तुमचे हात आहेत.”

द्वारकाक्काला आधी अभिमान वाटला आणि मग धस्स झालं. म्हणजे दार आपणच लावून ठेवलं होतं.

“उपाय?”

“एक आहे, पण मी तो सुचवणार नाही. तळ पुसता येतो. मग छाप पूर्ण बसेल. पण काही आठवडे पोर तान्ह्यासारखी होईल. आणि तुमच्या हाताची ही जी ओळख आहे ना, ती जाईल. मनातून जाणार नाही, तुम्ही आजी आहात हे तिला ठाऊक राहील. अंगातून जाईल.”

प्रभुणे खिडकीबाहेर बघू लागले. इचलकरंजीची आई पोरीच्या वेण्या घालत होती.

द्वारकाक्का विचारात पडली. ती शाळेत जेमतेम बसली होती, पण हिशेबात तिला कुणी फसवलं नव्हतं.

“डॉक्टरीणबाई, शलाकाच्या छापेत तळ आहे का?”

“आहे. छाप नेहमी अख्खी असते. तिचे तुकडे करता येत नाहीत.”

“आणि तो तळ कुणाच्या हातचा?”

“तुमच्या.”

“मग रडता कशाला? हिच्यातले माझे हात पुसा. लेकीसंगती माझेच हात परत येतील. एका डब्यातलं तेल सांडलं, दुसऱ्यातनं ओतलं. घाणा तोच.”

प्रभुणेंनी टाळीच वाजवली. डॉक्टरांना चूक सापडेना, पण त्यांचा चेहरा काही उजळला नाही. “आक्का, छाप घेतली तेव्हा शलाका तुमच्याशी कशी होती?”

“माझी लेक होती ती. तोंडाला तोंड द्यायचीच. तुमची देत नाही का?”

संमतीच्या कागदावर द्वारकाक्काचा अंगठा उठला, इंदूला टोपी पुन्हा चढली.

छाप मुरेपर्यंत ओळखीच्या हाताने पोरीला शिवायचं नाही, असा दंडक होता. द्वारकाक्का रोज काचेपलीकडे बसायची. इंदू आधी मान धरायला शिकली, मग रांगायला. मग एक दिवस उठली आणि चालली. ते चालणं बघून द्वारकाक्काने काचेचा कठडा गच्च धरला. टाच न टेकता, पाऊल किंचित बाहेर टाकत शलाका चालायची, आणि त्यापायी चपलेची एकच बाजू झिजायची. चार वर्षांची पोर तसं चालत होती.

पुढे दिवाळी उलटल्यावर संघाची शेवटची चाचणी झाली. इंदू तोलपट्टीवर चढली. तिने हनुवटी उचलली आणि हात मागे घेतले. आता ती उडी घेणार म्हणून सगळे सरसावले, तर ती थांबली. शलाकाही अशीच थांबायची, बघणाऱ्याला तिष्ठत ठेवून. मग ती उडाली, हवेत वळली आणि पट्टीवर उतरली. आवाजसुद्धा झाला नाही. प्रभुणे सर खुर्चीवर उभे राहिले. इचलकरंजीची आईसुद्धा टाळ्या वाजवत होती.

द्वारकाक्काला टाळ्या ऐकू आल्या नाहीत. ती जिना उतरून धावत आली. आता शिवायला मोकळीक होती.

“माझी बाय गं,” म्हणत तिने इंदूच्या काखेत हात घातले.

पोरीचं अंग ताठ झालं. पाठ ओढली गेली, उजवा खांदा खाली पडला आणि ती द्वारकाक्काच्या हातातून निसटली. झटका नाही, आदळआपट नाही. नको असलेल्या माणसापासून माणूस बाजूला सरतो, तशी ती सरली.

हे सरणं द्वारकाक्काच्या चांगल्या ओळखीचं होतं. एकविसाव्या वर्षाची शलाका. आईच्या मनात नसलेलं स्थळ तिने स्वतः पसंत केलं होतं. आईने चारचौघांत तिच्या थोबाडीत मारली होती. त्यानंतर लग्नापर्यंत एका घरात दोघी वावरल्या, आणि स्वयंपाकघराच्या अरुंद दारात समोरासमोर आल्या की शलाका नेमकी अशीच सरायची. छाप त्याच वर्षातली.

इंदू गोंधळून बघत होती. ती दोन पावलं पुढे आली. आजीचा हात वर झाला, तसा तिचा खांदा पुन्हा पडला. तिने परत येऊन पाहिलं. पुन्हा तेच झालं.

“आजी, मला तुझ्याकडं यायचंय. अंगच येईना.”

डॉक्टर धावत आल्या होत्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. “तळाशी तुमचेच हात आहेत, आक्का,” त्या कसनुशा म्हणाल्या. “पण त्यावर एकवीस वर्षांचे थर आहेत. अख्खी छाप म्हणजे तेही आलेच.”

“पुसा.”

“आता नाही पुसता येत. कोबा वाळला.”

द्वारकाक्का गादीवर बसली. लेक मागितली होती, लेक आली होती. एक तीळ कमी नाही.

इंदू हाताच्या अंतरावर उभी राहिली. त्याहून जवळ तिला येता येत नव्हतं.

“आजी, हे आईचं अंग आहे ना माझ्यात?”

“हं.”

“आई माझ्यावर रागावलीय?”

“तुझ्यावर कशाला रागावेल? तुला तर तिने पाहिलंसुद्धा नाही.” द्वारकाक्काने पदराने तोंड पुसलं. “माझ्यावर रागावलीय.”

इंदूने क्षणभर विचार केला. शाळेत भांडण झालं की बाई काय करायला लावतात, ते तिला पाठ होतं. “मग तू तिला सॉरी म्हण की. ती इथंच आहे.”

उभ्या जन्मात द्वारकाक्का कुणापुढे वाकली नव्हती. नवऱ्यापुढे नाही, सावकारापुढे नाही, मेलेल्या लेकीच्या फोटोपुढेही नाही. तिने दोन्ही हात मागे घेतले, पोरीला लागू नयेत म्हणून.

“शलाके,” ती म्हणाली. पुढचा शब्द तिच्या तोंडाला कधी लागलाच नव्हता, तो लवकर येईना. आणि तो येईपर्यंत पोर तिथेच उभी राहिली, खांदा चोरून, पण डोळे आजीच्या ओठांवर लावून.