अजून मुळं धरली न्हाईत

आंबीच्या वळणावर म्हैस आडवी आली आणि नूर तांबोळीची स्कूटर रस्ता सोडून थेट एका शेतात घुसली. स्कूटर एकीकडे, नूर दुसरीकडे! शेताला पाणी देणारा तरुण पाइप टाकून धावत आला.

“लागलं का ओ? उठा... सावकाश उठा—”

नूर उठायचं नाव घेईना. पालथी पडल्या पडल्या ती तळहाताने गवत चाचपत होती. बारीक पात्याचं, दाट, दाबलं तरी पुन्हा वर येणारं.

“ही झॉयसिया आहे?”

“आँ? व्हय... झॉयसियाच. पण तुमचं ढोपर फुटलंय की!”

“फुटू दे. विकायची आहे का?”

त्याने आधी तिच्या ढोपराकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तो असा काही हसला, की नूरला ढोपराची ठणक तेव्हा कुठे जाणवली.

त्याचं नाव अजीम. वडील बद्रुद्दीनभाई आणि तो, दोघं मिळून लॉनचं गवत पिकवायचे. नूर तळेगावची, लोणावळ्याजवळ डोंगरावरच्या गोल्फ कोर्सवर मैदानाची देखरेख तिच्याकडे होती. तिथे सातव्या होलची टी, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तो सपाट चौथरा, जांभळाच्या सावलीत होता. सावलीत हरळी विरळ होऊन माती दिसायला लागली होती. तिथे तग धरेल आणि चेंडू अलगद वर उचलून धरेल ती झॉयसियाच. तिची खोड एकच, पसरते मुंगीच्या पावलांनी. म्हणून तयार गालिचाच कापून आणायचा होता.

“अजून मुळं धरली न्हाईत, मॅडम,” अजीम म्हणाला. “आत्ता कापलं तर हातात तुकडे येतील. पुढल्या आठवड्यात या.”

नूरच्या पायाला भिंगरी. चहा निवायची वाट न पाहता जीभ भाजून घेणारी ही मुलगी! पण ती पुढच्या आठवड्यात आली. त्याच्या पुढच्याही आली. मधले दिवस तिला खायला उठायचे. कोर्सवर चार जागी फिरून यायची आणि आपण कशाला गेलो होतो तेच विसरायची.

“तुमचं गवत वाढतं तरी का हो?”

“वाढतं की. तुमी बघाया लागलात की लाजतं.”

“गवत?”

“...गवतच.” आणि साहेब कान लाल करून पाणी बंद करायला निघून जायचे.

श्रावण सरला, दसरा आला. असं किती चालणार? कोर्सचे मॅनेजर एक दिवस कडाडले, “शनिवारी गवत आलं नाही तर दुसरीकडून मागवतो.” त्याच आठवड्यात घरी अम्मीने सांगितलं, रविवारी दुपारी पुण्याचं स्थळ येतंय, मुलगा चांगला आहे, आता नाही म्हणू नकोस.

नूरने दोन्ही गोष्टी अजीमला एका दमात सांगितल्या.

त्याने वाकून गवताचं एक पातं खुडलं. “मग... शनिवारी कापतो,” इतकंच म्हणाला.

बस? स्थळाबद्दल एक शब्द नाही? नूरला स्कूटरची किल्ली लागेना. एकदा गवत गेलं की आंबीला यायला कारणच उरणार नव्हतं. एवढंही या माणसाला कळू नये!

शनिवारी सकाळी गवताच्या गुंडाळ्या टेम्पोत चढल्या. नूर अजीमच्या शेजारी बसली, खिडकीला अगदी चिकटून. कार्ला फाट्यावर सहलीला निघालेल्या गाड्यांची ही रांग लागलेली. टेम्पो जागचा हलेना. वरून ऊन. नूरने खाली उतरून मागच्या ढिगात हात घातला आणि दचकून काढला.

“अजीम, आतून तापलंय! पिवळं पडेल हे!”

त्याने टेम्पो सरळ एका धाब्याच्या अंगणात घातला. धाब्याच्या हिरामावशींनी पाइप दिला. दोघं भराभर गुंडाळ्या वडाच्या सावलीत उलगडायला लागली. एक गुंडाळी नूरने दोन कोपऱ्यांना धरून झटकली. एक काडी सुटली नाही.

अजीमने मान खाली घातली. “बोला काय बोलायचं ते. श्रावणापासनं तयार हाय.”

“आणि मला दर आठवड्याला हेलपाटा?”

“कापलं असतं तर परत आला असता?”

नूर रागावणार होती. खरंच रागावणार होती. पण हसू फुटलं. “मला माहीत होतं.”

“आँ?”

“तुम्ही पाणी बंद करायला गेलात की मी कोपरा ओढून बघायचे. केव्हाच घट्ट झालं होतं. पण तुम्ही म्हणायचात मुळं धरली नाहीत, आणि मीही मॅनेजरसाहेबांना तेच सांगायचे. नोकरी जायची वेळ आली माझी!”

पाइप अजीमच्या चपलांवर वाहत होता. त्याला पत्ता नव्हता.

“मग स्थळाचं ऐकून गप्प का बसलात?” नूरने विचारलं.

“इचारलं असतं आन् तुमी न्हाई म्हणाला असता तर?... न इचारता निदान आशा तरी ऱ्हाती.”

“अजीम, मला तुम्ही आवडता. लय आवडता. झालं? आता पुढचं—”

पुढचं राहिलंच. रांग हलली, पोलिसाने शिट्टी मारली, “टेम्पोवाले, चला, काढा गाडी!” पुन्हा गुंडाळ्या भरा, पुन्हा धावपळ. लोणावळ्यापर्यंत अजीमने चकार शब्द काढला नाही. नूरने ओढणीचं टोक पिळून पिळून दोरखंड केलं. जेवढं बोलायचं तेवढं मी बोलले, आता मरो हा!

टीवर माणसं हाताशी होती. तरी शेवटची गुंडाळी बसेपर्यंत संध्याकाळ झाली, डोंगरावरून धुकं उतरलं. माणसं पाणी मारून निघून गेली. आता ना कारण उरलं, ना गवत. नूर हात धुवायला वळली.

“नूर.” पहिल्यांदाच नुसतं नाव.

ती थांबली.

“रस्ताभर इचार करत होतो, अब्बांना कसं सांगायचं. मगाशी फोन केला.” त्याने हाताची माती विजारीला पुसली. “अब्बा म्हणले, मला कवाच कळलंय. तवा... उद्या त्यांना घेऊन तुमच्या घरी येऊ का? रीतसर?”

“उद्या तर... उद्या दुपारी पुण्याची मंडळी येणार आहेत.”

“मग आमी सकाळीच येतो,” अजीम म्हणाला.