साडेचार लिटर

बाबांनी खुर्चीवर बसण्याआधी खिसा चाचपून किल्ली आहे ना ते पाहिलं. पाच मिनिटांत ही तिसरी वेळ, हे मास्तरांनी मोजलं होतं.

"बाई, मी विसरलो का, तेवढं शोधून सांगा. विसरलो असेन तर कोठीची किल्ली आपणहून देतो."

बाई म्हणजे मास्तरांची बायको. खाजगी तपास ती करायची. निवृत्तीनंतर मास्तर तिची पिशवी उचलायचे आणि हटकून भलत्याच माणसावर संशय घ्यायचे.

बाबांच्या मुलाचा झाडं तोडायचा धंदा होता. करवतीच्या इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात तेल मिसळावं लागतं. ते काम बाबांचं; कॅन कुलूपबंद कोठीत असायचा. काल दुपारी झाडावर करवत एकाएकी जाम झाली, अर्धवट कापलेली फांदी फिरली आणि तोडणाऱ्याचा पाय मोडला. करवतीच्या टाकीत आणि कॅनमध्येही बिनतेलाचं पेट्रोल निघालं.

"तेल घातलं की पेट्रोल निळसर होतं," बाबा सांगू लागले. "मग तेलाचं माप नव्या चिंधीला पुसायचं आणि तीच चिंधी कॅनच्या मुठीला बांधायची. चिंधी दिसली की मिश्रण तयार. पाच लिटरच्या कॅनमध्ये मी चारच लिटर करतो, हलवायला जागा नको? सोमवारी केलं. म्हणजे, केलं असं वाटतंय." त्यांनी पुन्हा किल्ली चाचपली. "आज पाच वाजता मुलगा डॉक्टरकडे नेतोय. डोकं तपासायला."

मास्तरांनी नाकावरचा चष्मा नीट केला. कालच त्यांनी कपाळावरचा चष्मा घरभर शोधला होता.

आपल्या घरी प्लास्टर घालून पडलेला तोडणारा म्हणाला, "चिंधी बघितली, टाकी भरली. एकदाच, अर्धा लिटर. घाईत रंग कोण बघतो? बाबांच्या चिंधीवर आम्ही डोळे मिटून विसंबतो."

बाबांची सून अंगणात स्कूटरला किका मारत होती. "सासरे विसराळू नाहीत हो. आणि ही बया बघा, परवा हे घेऊन गेले होते, तेव्हापासून नुसता धूर ओकतेय."

मुलगा घड्याळ बघतच बोलला. "वय झालं, बाई. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे. पण मिश्रणाला मी हातही लावत नाही."

बाईने मास्तरांना कोठीत कॅनमधलं पेट्रोल मोजायला बसवलं.

"साडेचार लिटर. चिंधीवर निळे डाग," मास्तर कुजबुजले. "मला तर तो तोडणाराच वाटतो."

"स्वतःचा पाय मोडून घ्यायला?"

मास्तरांनी पिशवी उचलली.

साडेचारला बाईने घरातल्या सगळ्यांना कोठीत बोलावलं.

"चार लिटर केलं, अर्धा लिटर वापरलं, उरलं साडेचार. मास्तर, शाळेत असं गणित बरोबर दिलं असतंत? चिंधी दर वेळी नवी, आणि हिला तेल लागलंय. म्हणजे बाबांनी तेल घातलं होतं. नंतर कुणीतरी कॅन रिकामा करून काठोकाठ भरला. हलवायची सवय असलेला माणूस काठोकाठ भरत नाही. कुलूप शाबूत, किल्ल्या दोन. मग निळं मिश्रण गेलं कुठे? अंगणात स्कूटरमधून धूर होऊन निघतंय, पेट्रोलमधलं तेल जळलं की धूर होतोच. परवा स्कूटर कोणी नेली होती?"

मुलाने मान खाली घातली. "परवा संध्याकाळी टाकीत थेंब नव्हता आणि पंपावर ही गर्दी. कॅन स्कूटरमध्ये ओतला. काल सकाळी पंपावरून भरून आणला, घेतलं त्याहून जास्तच. चिंधीही परत बांधली. तेलाचं मात्र विसरलो. करवत जाम झाल्यावर आठवलं. पण तोवर सगळे म्हणत होते, बाबा विसरले."

"आणि तुम्ही डॉक्टर गाठलात," सून म्हणाली.

बाबा मुलासमोर येऊन उभे राहिले. मास्तरांना वाटलं, आता हात उठणार.

"पाचला निघायचंच आहे," बाबा म्हणाले. "पण डॉक्टरकडे नाही. पाय मोडलेल्याकडे. तिथं तू बोलायचंस. मी शेजारी बसेन."

कोठीला कुलूप लावून ते मुलाबरोबर निघाले. मास्तर फाटकापर्यंत बघत राहिले. बाबांनी खिसा एकदाही चाचपला नाही.