पाचव्या भागातला मास्तर

हे रचून सांगत नाहीये. गेल्या वर्षी, सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी तीन वाजता, आमच्या ऑफिसच्या टेस्टिंगच्या खोलीत घडलंय. आणि पाहणारी मी एकटी नव्हते.

आमची कंपनी मारामारीचा व्हिडिओ गेम बनवते. त्याचे तोवर चार भाग आले होते. पहिल्यात लढवय्ये म्हणजे नुसती सपाट चित्रं. दुसऱ्यापासून खऱ्या माणसांच्या हालचाली टिपून त्यांच्यात भरायला लागले. तिसरा भाग भन्नाट वेगवान झाला. मग चौथ्यात संथ लढवय्यांना डच्चू.

त्यात 'मास्तर'ही गेला.

मास्तरच्या हालचाली माझ्या दादाच्या होत्या. दुसऱ्या भागासाठी अंगाला सेन्सर चिकटवून तो दोन आठवडे लाथा-बुक्क्या झाडत होता. तेव्हा अगदी ठणठणीत होता. तिसऱ्या भागाच्या धामधुमीत आजारी पडला... आणि चौथा निघायच्या आत गेला.

लोकांनी धोशा लावला म्हणून पाचव्या भागात मास्तर परत आणला. पण सगळा नव्याने. जुन्या फायली उघडतच नव्हत्या. हालचाली दुसऱ्याच माणसाकडून करून घेतल्या. दादाचं त्यात काही म्हणजे काही नव्हतं.

त्या दुपारी मी आणि आमचा ॲनिमेटर, दोघंच होतो. मी मास्तर निवडला आणि कंट्रोलर खाली ठेवून डबा उघडला.

गेममधली गर्दी ओरडत होती.

मग... गप्प झाली.

मास्तरने उजवा हात हळूच बरगडीखाली दाबला. डोळे मिटले. आणि कुणी पाहिलं तर नाही ना, अशा घाईने हात काढून घेतला.

माझा घास तोंडातच राहिला.

"हे तू घातलंस?"

"छे! मला वाटलं तूच कुणाला तरी घालायला सांगितलंस."

त्याने सगळ्या फायली धुंडाळल्या. अशी हालचाल कुठेच नव्हती.

दोन मिनिटांनी... पुन्हा. हात बरगडीखाली.

दादा शेवटच्या वर्षी असंच करायचा. दुसऱ्या भागाच्या कितीतरी नंतर. ते कोण टिपणार? मी एकदा जिन्यात पाहिलं होतं. म्हणाले होते, "नाटकं पुरेत, दादा. मला उशीर होतोय."

"बरं बाई," एवढंच म्हणाला होता.

मी वहिनीला फोन करून पाहिलं ते सांगितलं.

"मला म्हणायचा, जरा पित्त झालंय," ती म्हणाली. "तुला दिसलं होतं?"

"तू ऑफिसला ये," मी एवढंच म्हणाले.

तासाभरात वहिनी आली. पर्स मांडीवर घेऊन स्क्रीनसमोर बसली.

दहा मिनिटं... वीस... चाळीस.

मास्तर ताठ उभा. हातांच्या मुठी वळलेल्या. काही म्हणजे काही केलं नाही त्याने.

ॲनिमेटर ओशाळला. "शप्पथ सांगतो वहिनी, आत्तापर्यंत दर दोन मिनिटांनी..."

"असू दे रे," वहिनी म्हणाली. तिने पदराने डोळे टिपले. "माझ्यासमोर नाही करायचा तो."

ती उठली. दारापर्यंत गेली. तिची पाठ वळली, आणि...

गर्दी गप्प झाली.

तो वाकला. या वेळी दोन्ही हातांनी बरगडी धरून.

ॲनिमेटरने माझ्याकडे पाहिलं. वहिनी अजून दारातच होती, चपला घालत. एक हाक मारली असती तर वळली असती.

मी मारली नाही.

मारायला हवी होती का, ते मला आजही कळत नाही.